मधलं बेअरिंग

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून गाडीची नोंद रोज ठेवायची. निवृत्त माणसाला शिस्त हवी. शर्मिलाचं डायलिसिस सोम-बुध-शुक्र, सकाळी सात. खडकीहून स्वारगेटला मीच नेतो. त्यासाठीच ही जुनी, चारही चाकांना ताकद देणारी गाडी घेतली. आज पन्नासच्या पुढे घोंघों आवाज. निदान : टायर. शर्मिला म्हणाली, आवाज माझ्या सीटखालून येतोय. तिला समजावलं, आवाज फिरतो.

५ फेब्रुवारी, बुधवार
तिचं डायलिसिस चालू असताना मार्केट यार्डामागे उत्तरेश्वरच्या गॅरेजात. त्याने खाली झोपून काहीतरी हलवलं. म्हणाला, मागच्या चाकांना जाणारा शाफ्ट दोन तुकड्यांत आहे, मध्ये त्याला धरणारं बेअरिंग रबरात बसवलेलं असतं. रबर फाटलंय, बेअरिंग गेलंय. मी म्हटलं, ग्रीस मार. म्हणाला, सीलबंद असतं, ग्रीस जाणार कुठून? मग त्याला समजावलं की लेथवर एकोणतीस वर्षं काढली आहेत, असे शाफ्ट मी घडवले आहेत. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "साहेब, बदलू का?"
निघून आलो.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
फाटक्या रबरात ट्यूबचे तुकडे ठोकून बसवले. आवाज निम्मा. शर्मिला वाटभर दाराचं हँडल धरून होती. काही बोलली नाही, म्हणजे फरक पडला.

१० फेब्रुवारी, सोमवार
गाडी थरथरते. येताना शर्मिलाला ओकारी. पायल म्हणते, बाबा, रिक्षाने जाऊ दे आईला. या मुलीला रिक्षाचं सस्पेन्शन माहीत नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार
गतिरोधकावर धाडकन आवाज. शाफ्ट तळाला आपटला. शर्मिला किंचाळली.
विचार करून निर्णय : शाफ्टच काढायचा. शहरात मागच्या चाकांना ताकद कशाला? निम्मी पुढे, निम्मी मागे. मागची काढली तरी पुढची उरतेच. उत्तरेश्वरला फोन केला, विचारायला नव्हे, कळवायला. तो म्हणत होता, काढू नका, या गाडीत मध्येही एक डिफरन्शियल आहे, ते... फोन ठेवला. गिऱ्हाईक हातचं चाललं की मेकॅनिक घाबरवतात.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
चार तासांत शाफ्ट बाहेर. कंबर धरली. चाचणी उद्या थेट रस्त्यावर.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
पायलने न विचारता रिक्षा बोलावली होती. परत पाठवली. शर्मिला मांडीवर फाइल घेऊन गाडीत बसली. पहिला गिअर टाकला. इंजिन ओरडलं, गाडी जागची हलली नाही.
आता कळलं. मधलं डिफरन्शियल सगळी गती मोकळ्या बाजूला देतं. शाफ्ट नाही, म्हणजे मागे नुसतं गरगर, पुढच्या चाकांना शून्य. हे कोणी नीट सांगायला हवं होतं.
शर्मिला म्हणाली, अहो, रिक्षा बघा. मी म्हटलं, दोन मिनिटं. पाऊण तास गेला. शेवटी रिक्षाने हॉस्पिटलात पोचेपर्यंत मशीन दुसऱ्या पेशंटला दिलेलं. उद्या संध्याकाळी या म्हणाले. एका दिवसाने काही होत नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार
पहाटे तिला श्वास घेता येईना. बसूनही नाही. अँब्युलन्स. फुप्फुसात पाणी. आयसीयू.

१६ फेब्रुवारी, रविवार
डॉक्टरांनी विचारलं, शुक्रवार का चुकला? पायल म्हणाली, बाबांना विचारा. मी शाफ्टपासून सुरुवात केली. डिफरन्शियलपर्यंत आलो तेव्हा डॉक्टर पुढच्या पेशंटकडे गेले होते.
पायल माझ्याशी बोलत नाही. ताण आहे तिला.

२२ फेब्रुवारी, शनिवार
शर्मिला घरी. आवाज अगदी बारीक झाला आहे. संध्याकाळी उत्तरेश्वर भेटायला आला, शहाळी घेऊन. गाडीबद्दल एक शब्द काढला नाही. मीच काढला. तो म्हणाला, "वहिनींना आराम करू द्या, साहेब."

२४ फेब्रुवारी, सोमवार, सकाळी ६.४०
रिक्षा आली. पायल आत बसली होती. मी इस्त्रीचा शर्ट घालून, फाइल घेऊन तयार. शर्मिलाने फाइल माझ्या हातातून घेतली. म्हणाली, "तुम्ही येऊ नका."
मी विचारलं, का?
म्हणाली, "तुम्ही समजावता. मला वाटेत जरा डोळे मिटायचे असतात."
रिक्षा गेली. चहा दोन कप झाला होता. एक मी प्यायलो.