यादीतलं चौथं घर

३ मार्च, सोमवार

नाही म्हणजे नाहीच! तिसरं घरही नको म्हणून शिंपीकाकांना कळवून टाकलं. दलालाने जिन्यातच तोंड वाकडं केलं — ‘बाई, तुम्ही नाणं वाजवत बसता, मग सौदे व्हायचे कसे?’ वाजवणारच! स्वयंपाकघरातल्या अर्ध्या फरश्या पोकळ वाजत होत्या. सगळे नळ एकदम सोडले तर बाथरूममध्ये करंगळीएवढी धार. आणि कपाटामागे ताजा रंग, तेवढ्याच तुकड्याला, ओल झाकायला! मी काय आज आले का या धंद्यात?

शिंपीकाका आणि काकू दुसऱ्या देशात राहतात. पस्तीस वर्षं चालवलेलं दुकान विकलं, त्या पैशात इथे एक घर घेऊन भाड्याने लावायचंय. म्हातारपणाची तेवढीच सोय. काकांच्या गुडघ्यांमुळे प्रवास जमत नाही, म्हणून त्यांच्या वतीने मी घरं बघते. फोनवर कानाकोपरा दाखवते, मग रिपोर्ट लिहून देते. आज म्हणाले, ‘ताई, आमचं सगळं तुमच्या डोळ्यांवर आहे.’ मागून काकूंचा आवाज — ‘ऊन येतं का ते विचारा आधी!’

चार वर्षांपूर्वी हे गेले तेव्हा बँकेत एकटी जायलासुद्धा घाबरायचे मी. आज लोक माझ्या शब्दावर घर घेतात. कुणाकुणाचे आभार मानू?

५ मार्च, बुधवार

घरमालक येऊन गेले. घर विकतायत. चोरासारखं हळू आवाजात सांगितलं बिचाऱ्यांनी. सात वर्षांत भाड्याला उशीर झाला तरी कधी दार वाजवलं नाही त्या माणसाने. राग तरी कसा धरू?

सासूबाई आंघोळीला गेल्या होत्या, ते बरं झालं. त्यांना नाही सांगितलं. दोन वर्षं झाली त्यांची नजर गेल्याला. पहिले सहा महिने पलंगावरून उठल्या नव्हत्या. मग हळूहळू हातांनी हे घर पाठ केलं. पलंगापासून दार सात पावलं, मग डावीकडे ओटा. आता चहा स्वतः करतात, आणि मी मध्ये गेले तर ‘लुडबुडू नकोस’ म्हणून हाकलतात! नव्या घरात पुन्हा पलंगावर बसल्या तर? या वयात पुन्हा उठतील?

आणि घेणारा आम्हाला ठेवेल कशाला? रिकामं करून, रंग देऊन, जास्त भाड्याने देणार. मीच रिपोर्टमध्ये किती वेळा लिहिलंय — ‘भाडेकरू निघतील, अडचण नाही.’ पुढच्या ओळीवर जायचे. ती माणसं गेली कुठे, कधी विचारलंसुद्धा नाही.

८ मार्च, शनिवार

दलालाने शिंपीकाकांसाठी नवी यादी पाठवली. चार घरं. चौथ्या घराचा पत्ता वाचला आणि हसायलाच आलं. मग रडायला.

आमचंच घर! दलालाला काय माहीत मी कुठे राहते.

९ मार्च, रविवार

डोकं चालत नाही. सासूबाई म्हणाल्या, ‘आमटीत मीठ दोनदा घातलंस.’

११ मार्च, मंगळवार

लिहायचीही लाज वाटते. पण इथे नाही लिहायचं तर कुठे?

पहिली तीन घरं सकाळीच उरकली, एकही धड नाही. मग दलालाला ‘पुढचं मी बघते’ म्हणून वाटेला लावलं आणि अकरा वाजता माझ्याच घराचं कुलूप माझ्याच किल्लीने उघडून परक्यासारखी आत आले. सासूबाईंना म्हटलं, ‘कामाचा फोन चालू आहे, बोलू नका हं.’ खिडकीपाशी खुर्चीत गप्प बसल्या. मी नळ सोडले, फरश्या वाजवल्या, सॉकेट तपासले. एक दोष सापडेल तर शपथ! काकू तर खूशच — ‘अहो, ऊन बघा कसं आत आलंय!’ काकांनी विचारलं, ‘त्या आजी कोण?’

‘भाडेकरू,’ म्हटलं मी. सासूबाईंसमोर!

मग काका म्हणाले, ‘ताई, हेच घेऊ ना?’ आणि माझ्या तोंडून निघून गेलं — ‘नको. उत्तरेकडच्या भिंतीत ओल आहे. वरून दिसत नाही, पण आहे.’

एक प्रश्न विचारला नाही त्यांनी! ‘मग राहू द्या. आत्ताच दलालाला नको कळवतो. तुम्ही नसता ताई, तर आमची जन्माची कमाई पाण्यात गेली असती.’ मागून काकूही — ‘देव तुमचं भलं करो.’

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१२ मार्च, बुधवार

सकाळी चहाचा कप माझ्या हातात देऊन सासूबाई म्हणाल्या, ‘उत्तरेकडची भिंत म्हणजे माझ्या उशाची ना गं? तिच्यावर मी रोज हात फिरवते. ठणठणीत कोरडी आहे.’

सगळं सांगून टाकलं. घरमालक, यादी, ओल, सगळं. मला वाटलं रडतील. छे! अशा तापल्या!

‘माझ्या नावावर खोटं खपवतेस? मी आंधळी झाले, लोढणं नाही झाले!’

‘तुमच्यासाठीच केलं हो—’

‘विचारलंस मला? त्या शिंप्याने तुझ्यावर भरवसा ठेवला आणि तू त्यालाच टोपी घातलीस. आत्ताच्या आत्ता फोन कर.’

मग माझं डोकं चाचपडत शोधलं, त्यावर हात ठेवला. ‘खुळी आहेस,’ म्हणाल्या. हे गेल्यापासून इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. काय नशीब माझं, की अशी सासू पदरात पडली!

फोन नाही केला. उद्या.

१३ मार्च, गुरुवार

केला. एका दमात सांगितलं. मग काका म्हणाले, ‘ठेवतो.’

१४ मार्च, शुक्रवार

फोन नाही. गिऱ्हाईक गेलं, नाव गेलं. जाऊ दे. खरं तरी सांगितलं.

१५ मार्च, शनिवार

काकांचा फोन आला!!

आधी दहा मिनिटं हजामत केली माझी. ‘कापड कमी पडलं तर गिऱ्हाईकाला तोंडावर सांगायचं असतं. पस्तीस वर्षं मी तेच केलं. तुम्ही आमच्या म्हातारपणाशी खेळलात, ताई.’ मी फक्त हो हो करत होते. खोटं काय होतं त्यात?

मग दम घेऊन म्हणाले, ‘आणि मला सांगा, तुम्हाला काढून मी करणार काय? एवढ्या लांबून भाडेकरू शोधत बसू? घर जपणारी दोन माणसं आत आयती आहेत, मी आनंदाने ठेवली असती. पहिल्याच दिवशी विचारलं का नाहीत?’

खरंच, का नाही विचारलं? सुचलंच नाही! मी मनातल्या मनात त्यांना आधीच हाकलून देणारा मालक करून टाकलं होतं.

काकूंनी फोन ओढून घेतला — ‘आजींना सांगा, त्यांची खुर्ची जिथे आहे तिथेच राहणार. ऊन त्यांचंच.’ सासूबाईंनी फोन मागून घेतला आणि अर्धा तास दोघी गुडघ्यांवरच बोलत होत्या! काका सोमवारी दलालाला होकार कळवणार.

आज वाटेत दिसेल त्याला नमस्कार करावासा वाटत होता. खालच्या न्हाव्याला उगाचच ‘बरं आहे ना?’ विचारलं. तो दचकला. देवा, घरमालक, काका, काकू, सासूबाई — सगळ्यांची मी ऋणी. घर राहिलं!

१७ मार्च, सोमवार

घर गेलं. काकांनी नको कळवलं त्याच संध्याकाळी दलालाने दुसरं गिऱ्हाईक उभं केलं, शुक्रवारी सह्यासुद्धा झाल्या. त्यांना रिकामंच हवंय, दोन महिन्यांत. आम्हाला ठेवणारा एकच माणूस होता, आणि त्याला मीच परतवलं.

सासूबाईंना सांगितलं. ऐकून घेतलं, ‘बरं’ म्हणाल्या. उठल्या, सात पावलं मोजून दाराशी गेल्या, पायांनी चपला शोधून घातल्या आणि माझ्याकडे हात पुढे केला.

‘चल. घरं बघायला जायचं ना?’