गच्चीच्या किल्लीचा वारस

मी, रघुनाथ सुकदेव बोरसे, वय ७२, राहणार गोडादरा, सुरत, पूर्ण शुद्धीवर, भरल्या पोटी आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता (पत्नी स्वयंपाकघरात आहे) माझ्या पश्चातची व्यवस्था लिहून ठेवतो.

१. राहते घर व बँकेतील ठेवी पत्नी प्रमिलाबाई हिच्या. तिच्यानंतर मुलगी सोनाली हिच्या. जावयाने मध्ये तोंड घालू नये.

२. माझे मित्र भूपेंद्र देसाई यांनी आणि मी, न पाहिलेला गुन्हेगार कसा ओळखावा हे पोलिसांना शिकवण्यात उभी हयात घालवली. त्यांची पद्धत आकड्यांची: पकडलेल्या शेकडो चोरांवरून पुढचा ताडायचा. माझी जागेची: चोराने काय नेले, काय सोडले, यावरून त्याचा स्वभाव वाचायचा. माझी पुस्तके सोनालीला. भूपेंद्रभाईंना दिली तर ते पाने मोजत बसतील.

३. आमच्या गच्चीवर वाळत घातलेल्या ज्वारीच्या बिबड्या (आमचे खानदेशी पापड) दर उन्हाळ्यात चोरीस जात. भूपेंद्रभाई म्हणाले, असल्या चोऱ्या शेजारची पोरेच करतात. मी म्हणालो, वाळलेल्या सोडून ओलसर नेल्या, ती चव आमच्याच लोकांना ठाऊक, म्हणजे चोर अस्सल खानदेशी. उरलेल्या उलटून ठेवल्या, म्हणजे माणूस घरचा. हे वर्णन स्वयंपाकघरातल्या एकाच व्यक्तीला लागू पडत होते. तिने त्या दिवसापासून बिबड्या करणेच सोडले. तिच्यावरचा आळ तसाच ठेवून मला मरायचे नाही. ओलसर बिबडी न खाता तर मुळीच नाही.

४. सबब, जो चोरी कबूल करील त्याला गच्चीची किल्ली आजपासून कायमची. साक्षीदारास मात्र या मृत्युपत्रातून काहीही मिळणार नाही.

५. येथवर वाचून दाखवून मी साक्षीसाठी भूपेंद्रभाईंपुढे पेन ठेवले. त्यांनी चौथे कलम पुन्हा वाचले आणि पेन शेजारी निंबा पाटलांकडे सरकवले.

"रघु, साक्षीमां बीजाने ले, दुसऱ्या कोणाला. सही केली तर माझी किल्ली जाईल ने!"

इतकी वर्षे आमच्या पंगतीला जेवून देसायांचा भूपेंद्र खानदेशी झाला, हे ना त्यांच्या आकड्यांत होते, ना माझ्या तर्कात. हसता हसता मला ठसका लागला. प्रमिलाबाई पाणी घेऊन आली.

"आते पटनं का तुमले?"

पटले. आळ बिनशर्त मागे घेतो.

६. तिने ज्वारी भिजत घातली आहे. तरी या मृत्युपत्राच्या अंमलबजावणीची कोणी घाई करू नये.

सही: र. सु. बोरसे
साक्षीदार: निंबा पाटील, हेमराज महाजन (दोघेही शेजारी)
हजर: भूपेंद्र देसाई (साक्षीदार नव्हे, किल्लीदार)
सुरत, ९ मार्च २०२५