एकटी वर

ती. दादा,

साष्टांग नमस्कार. (मुद्दाम घातलेला, पडले बिडले नाही, तुला शंका येईल म्हणून सांगितलं.) तुझं पोट, गुडघा आणि राग, तिघांची प्रकृती कशी आहे? विजयावहिनींची विचारत नाही, आमचं फोनवर रोज बोलणं होतं.

तू म्हणालास, "कुणाच्या मदतीशिवाय एक पत्र छापून पाठव, मग राहा कोलकात्यात खुशाल. नाहीतर पंधरा तारखेचं तुझं पुण्याचं तिकीट काढलंय." अरे, गार्डन रीचला रेल्वेच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं मी डोळ्यांशिवाय अख्ख्या झोनचे साहेब एकमेकांना जोडून दिले. एक मशीन प्रिंटरला जोडायला कितीसा वेळ, असं वाटलं. तिथेच फसले.

माझं ब्रेलचं मशीन वीस वर्षांचं. त्याच्या केबलचं तोंड माझ्या तळहाताएवढं, आणि नव्या प्रिंटरला ते खुपसायला जागाच नाही. तो म्हणे हवेतून ऐकतो. बटणंही नाहीत, सगळी गुळगुळीत काच, वापरायला सोपं जावं म्हणून. (तुम्हा डोळसांचं सगळं सोपं करून झालं की आमची आठवण येते, तीही अपंग दिनाला, हार घेऊन.) शेवटी चांदणी मार्केटमधल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने मध्ये एक डबी बसवून दिली. ती ठिपक्यांची अक्षरं करून प्रिंटरला पाठवते. त्याने भाषा विचारली, मी मराठी सांगितली. पण बाई इतकं चांगलं बांगला बोलते म्हणजे गंमतच करत असणार, असं समजून त्याने बंगाली लावली. ब्रेलमध्ये 'क'चे ठिपके मराठीला तेच आणि बंगालीलाही तेच, त्यामुळे डबीने हूं की चूं केलं नाही. भाषा मराठी, अक्षरं बंगाली, असा कागद बाहेर आला, आणि माझ्या बोटांना तो कोराच.

खालच्या मजल्यावरच्या सलीलबाबूंना म्हटलं, जरा बघा. अक्षरं त्यांची, म्हणून त्यांनी धडाधड वाचायला घेतलं. त्यांच्याकडे 'व'चा 'ब' होतो आणि 'अ'चा 'ऑ', त्यामुळे वहिनींची पार बोहिनी झाली. मी लिहिलं होतं, मी इथे एकटी वर राहते. ते "एकटी बॉर" म्हणाले आणि लगबगीने बायकोकडे गेले. बंगालीत एकटी म्हणजे एक आणि बॉर म्हणजे नवरा! संध्याकाळी त्यांची बायको अपर्णादी संदेश मिठाई घेऊन हजर, सोबत स्थळ. बराकपूरचे गृहस्थ, निवृत्त, दात बहुतेक स्वतःचे, मासे पारखून आणतात. मी पोट धरून हसले. मग रात्री फार राग आला, दादा. आपल्या घरात चाळीस वर्षांत जे कुणाला सुचलं नाही, ते छपाईच्या एका चुकीने परक्यांना सुचलं. आई म्हणायची, तुझं दादा बघेल. बघितलंस की. तिकीट बघितलंस.

तर चार खेपा घालून डबीला मराठी शिकवली, आणि हा कागद तुझ्या हातात आहे. आता मी इथेच राहणार.

तुझी,
श्यामला

ता. क. अटीप्रमाणे कुणाचीही मदत घेतलेली नाही. मिस्त्री, सलीलबाबू आणि अपर्णादी सोडून.

आणखी एक ता. क. बराकपूरच्या गृहस्थांना नकार कळवला आहे. ते रविवारी चहाला येतात ते निराळं.

शेवटचं ता. क. मुख्य काम राहिलंच. माझं तिकीट रद्द कर. वहिनींनी दहा तारखेचं इकडचं काढलंय, महिनाभर राहायला येतायत. तुला सांगायचा त्यांना धीर होईना, म्हणून मी छापतेय. तो महिना तू कुणाच्या मदतीशिवाय काढून दाखव, मी मुकाट पुण्याला येते. बारीक अक्षर तुला दिसत नाही, तेव्हा हे पत्र वहिनीच वाचून दाखवत असणार, आणि आता त्यांचा आवाज अडखळला असेल. त्यांना बोलू नकोस. उठून पाणी दे. पेले कुठे असतात, ते त्यांनाच विचार.