दुसऱ्या तऱ्हेचा जामीन

चंडीगड, सेक्टर १५
२१ नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप वंदनाताईस,
गुरुनाथचा शिरसाष्टांग नमस्कार.

गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी काठी घ्यायला सांगितली तर तू म्हणालीस म्हणे, की काठी म्हाताऱ्यांना. आपल्या दोघांत म्हातारं कोण व्हायचं ते एकदा ठरवून टाकू, ताई. मी तयार आहे. इथे थंडी पडली. शाळेत आठवीला भूतकाळ शिकवतोय. मी मराठीत विचार करतो, मुलं हिंदीत उत्तरं देतात आणि संस्कृत बिचारी मध्ये अंग चोरून उभी राहते.

परवा फोनवर "जामीन नामंजूर" एवढंच बोलून मी ठेवून दिला. तेव्हापासून तुझे फोन येताहेत आणि मी उचलत नाही. तू रडायला लागलीस की मी अजूनही सहा वर्षांचा होतो, आणि सहा वर्षांच्या मुलाला हे सांगता येणार नाही. म्हणून पत्र. शेवटपर्यंत वाच, मग हवं तर फाड.

तुझ्या अभिषेकची प्रकृती ठीक आहे. दाढी वाढवली आहे. तुझ्या हातच्या मेतकुटाची आठवण काढत होता. तुरुंगात मेतकूट देत नाहीत.

तुझी समजूत अशी, की परवा कोर्टात संपदा गॅलरीतून कशी पडली याचा निकाल लागणार होता. तसं नसतं. ढिल्लों वकिलांनी मला आधीच शिकवून ठेवलं होतं. "पंडित जी, ज़मानत में सच-झूठ नहीं तोलते. लड़का भागेगा तो नहीं, गवाहों को डराएगा तो नहीं, और काग़ज़ पर केस कितना भारी है, बस." बायकोच्या खुनाचा आरोप म्हणजे भारीच. पण कागद हलका होता. मनीमाजऱ्याला ते दोघं राहायचे त्या इमारतीत कुणी काही ऐकलं नाही. कपडे वाळत घालताना तिचा तोल गेला, असं अभिषेक म्हणतो. संपदाचे आईवडील काय सांगणार, ती त्यांना रोज फोनवर "छान चाललंय" म्हणायची.

वकिलांचा बेत असा, की खटला संपेपर्यंत अभिषेकनं माझ्या घरी राहायचं आणि मी जामीन राहायचं. "संस्कृत का मास्टर! जज साहिबा देखते ही पिघल जाएँगी." माझ्यात पाघळण्याजोगं काही आहे हे नलिनीनंही इतक्या वर्षांच्या संसारात कधी सांगितलं नव्हतं.

आपल्या जुन्या शास्त्रकारांनी तीन तऱ्हेचे जामीन मानले आहेत. पहिला म्हणतो, मी याला हजर करीन. तिसरा म्हणतो, यानं बुडवलं तर मी भरीन. मधला म्हणतो, हा माणूस भरवशाचा आहे. मी घराचे कागद पिशवीत घालून निघालो तेव्हा मला वाटत होतं, की पहिला आणि तिसरा झालो तर मधल्याबद्दल कुणी विचारणार नाही.

नलिनीनं तुला फोनवर सांगितलं तेव्हा बांगड्यांचा विषय काढू नका, असं तू तिला म्हणाली होतीस. म्हणून इतका वेळ काढला नाही.

इथल्या मराठी मुलींना जवळपास माहेर नाही, म्हणून श्रावणात आमचीच बैठकीची खोली त्यांचं माहेर होते. मंगळागौरीला कासार मिळत नाही. मग बाजारातून हिरव्या बांगड्या आणून नलिनी स्वतः भरते. संपदाचा नंबर आला. नलिनीनं तिचा हात धरून नेहमीसारखा दाबला आणि पोर किंचाळली. बाहेर फुगड्या चालल्या होत्या, कुणाला ऐकू गेलं नाही. मनगट सुजून निळं झालेलं, दंडावर जुने पिवळे डाग. स्वयंपाकघरात ती नलिनीला म्हणाली, "मामी, तो पिरगाळतो. मग रडतो. आईंना सांगू नका, त्या मलाच समजावतील. रविवारी कपडे घेऊन आले तर राहू द्याल?"

आई म्हणजे तू.

ती शनिवारी पडली. पोलीस शेजारी फिरले, ऑफिसात गेले, आमच्याकडे कुणी आलं नाही. नलिनी म्हणायची, "विचारलं तर सांगेन." तू एकदा फोन केलास, मग पुन्हा केलास. ती गप्प झाली. जेवायला वाढायची, पण गप्प.

परवा वकील जोरात होते. "जनाब, एक भी गवाह नहीं जो कहे कि लड़के ने कभी हाथ उठाया." मग मला पुढे केलं. जजबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "पंडित जी, लड़का आपके घर रहेगा. घर में और कौन है?"

"मेरी पत्नी."

"उन्हें कोई एतराज़?"

ताई, यावर "नाही" एवढंच म्हणायचं होतं. अभिषेक माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "जनाब, उसे मेरे घर मत भेजिए. मेरी पत्नी इस मुक़दमे की गवाह है. उससे अभी किसी ने पूछा नहीं."

ढिल्लोंसाहेबांच्या हातातली फाईल खाली पडली. बाकीचं तुला कळलंच आहे. महत्त्वाच्या साक्षीदाराचा जबाब बाकी, आरोपी तिच्याच घरचा, दबावाची शक्यता, अर्ज नामंजूर. वकील आता हायकोर्टात जायचं म्हणताहेत. माझ्याशी बोलत नाहीत, फी मात्र माझ्याकडेच मागतात.

शिपाई अभिषेकला नेताना तो थांबला. "मामा, तुला वाटतं मी ढकललं?"

"मला माहीत नाही रे," मी म्हणालो. "म्हणूनच."

तो लहानपणी तुझ्या मांडीवर झोपायचा तसा चेहरा झाला त्याचा. हे तुला लिहायचं नव्हतं.

जजबाईंनी अजून एक विचारलं होतं. "उन पर किसी का दबाव है?" मी म्हणालो, "यह आप उन्हीं से पूछिए." तुझं नाव मी घेतलं नाही. नलिनी घेईल का, हे मी तिला विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. उद्या तपास अधिकारी घरी येणार आहेत. तिनं सकाळीच चहाचे जास्तीचे कप काढून ठेवले, आणि तिचा फोन बंद करून फडताळात.

पत्र मुद्दाम साध्या टपालानं धाडतोय. तुला मिळेल तोवर जबाब होऊन गेलेला असेल.

अभिषेकला भेटायला मी जात राहीन. प्रत्येक तारखेला हजर असेन, वकिलाचं काय ते भरीन. काठी घे, ताई.

फक्त पहिल्या आणि तिसऱ्या तऱ्हेचा,
तुझा गुरू