कावेरीच्या नजरेवर इलाज

६ ऑक्टोबर, सोमवार. सकाळ.
कावेरी चहा गाळता गाळता म्हणाली, तुमचं माझ्याकडं ध्यानच न्हाई, असंच चाललं तर धर्मापुरीला माहेरी जाईन आन परत यायची न्हाई. ती गेली तर मी खलास. पण टेन्शन घ्यायचं कारण न्हाई. खराबी तिच्या नजरेत हाय. आपल्या चष्म्याच्या दुकानात लेन्स कंपनीचा माणूस आलता, तो सांगून गेला: मेंदूतल्या बघणाऱ्या पेशींपुढं रोज तेच ते आलं की त्या सुस्तावतात. बदल दिसला की जाग्या होतात. म्हणजे कावेरीच्या पेशी माझ्यापुढं झोपल्यात. नवरा बदलता येत न्हाई, पण त्याचा नकाशा बदलता येतो. उद्यापासून सुरू.

७ ऑक्टोबर. दुपारी १.
मिशी काढली. लई वाईट वाटलं. कावेरी कायतरी दाखवत होती, केसाचं का बांगडीचं. मी म्हणलं, आधी माझ्याकडं बघ. तिनं बघितलं आन दळण आणायला सांगितलं. पेशी फारच दमल्यात. डोस वाढवणे.

८ ऑक्टोबर
पिवळाधमक शर्ट. शेजारचा दुकानदार सुग्रीव म्हणाला, "काय बे, हळद लागली का काय?" म्हणजे सुग्रीवच्या पेशी चालू हायत. कावेरी बॅग भरत बसलेली. दिवाळीची आवराआवर. कामाची हाय पोरगी.

९ ऑक्टोबर, गुरुवार
दुकान उशिरा उघडलं. सकाळी दिवाण खिडकीपाशी नेला, कपाट दारापाशी. कंबर धरली. संध्याकाळी आई कपाटावर आदळली आन मला नको नको ते बोलली. कावेरी मात्र एक शब्द न्हाई. असर सुरू.

१० ऑक्टोबर
आज पण कटकट न्हाई. भाकरी जरा जाड, पण मायेनं केलेली. चुलीकडं तोंड करून म्हणलं, झकास झाली. आतून आई खोकली.

११ ऑक्टोबर
कंपनीच्या माणसाला फोन करून शुक्रिया म्हणलं. घरात इतकी शांतता लग्नापासून न्हवती. बिचारा खूश झाला. उद्या कावेरीला घेऊन कंकालेश्वराच्या देवळात जायचं.

१२ ऑक्टोबर, रविवार
नवा कुडता घालून हाका मारल्या. जवाब न्हाई. गच्ची, मोरी, शेजार, सगळीकडं बघितलं. आई म्हणाली, "आरं, ती गुरवारीच गेली की. मला वाटलं तुला ठावं हाय."

फोन लावला. कावेरीला म्हणलं, सांगून तरी जायचं.

ती म्हणाली, "तुमच्या म्होरूनच गेले. तुमी कपाट ढकलत होता. म्हणला, बाजूला हो."

फोन ठेवला तिनं. परत लावला, उचलत न्हाई. काय करू, काय सुचंना. देवा, एवढ्या बारीला सांभाळ.

रात्री ९.
डोळे मिटून तिचा चेहरा आठवायला बसलो. येईचना. लई जोर लावल्यावर आला, तो लग्नाच्या फोटोतला. त्यात तिनं मान खाली घातलेली हाय.