सान राफाएलला निघायचंय

११ ऑक्टोबर, तेकोमाल

पाऊस! सकाळपासून एक क्षण थांबला नाही. संताचा हिरवा झगा चुलीवर दोरी बांधून वाळवला, आता त्याला धुराचा वास येतोय. सान राफाएलची काही तक्रार नाही. लाकडाचा, हातभर उंच, हातात मासा धरलेला – तक्रार कसली करणार बिचारा! वाटसरूंचा संत, आणि दर ऑक्टोबरात स्वतःच काचेच्या पेटीत बसून डोंगरातली गावं फिरतो. चोवीस तारखेला वादो ओंदोच्या चर्चमध्ये त्याचा सण, तिथे फेरी संपते. त्याच्याबरोबर मी. वस्त्रं उतरवायची, धुवायची, इस्त्री करून पुन्हा चढवायची. दुसऱ्या कुणी त्याच्या अंगाला हात लावायचा नाही. आईकडून हे माझ्याकडे आलं.

तेकोमाल यंदा गप्प आहे. कॉफी पिकायला लागलीय, फांद्या लाल झाल्यात, आणि कुणी गात नाही. घरधनिणीला विचारलं तर ती तव्यावरची तोर्तिया उलटत राहिली. मग म्हणाली, "झरा बंद झालाय, बाई. एवढा पाऊस – आणि झरा बंद!"

१३ ऑक्टोबर, सान ब्लासितो

निम्म्या वाटेवर, सेइबाच्या झाडाखाली, सान ब्लासितोची माणसं संताला न्यायला आली. नेहमीसारखी टोप्या काढून, गुडघे चिखलात टेकून. फटाके भिजलेले. एकही उडाला नाही. कोणीतरी म्हणालं, "संताला आवाज नकोच असेल!" कुणी हसलं नाही.

वाटेतला उतार ओळखूच आला नाही मला. लहानपणी इथल्या कॉफीच्या ओळी फणीने भांग काढावा तशा सरळ होत्या. आज मध्येच वाकड्या. सावलीची मोठी झाडं सगळी एकाच अंगाला कललेली, खाली कुणी बोलतंय आणि ती ऐकतायत अशी.

दुपारी झग्याला इस्त्री केली. निखाऱ्यांची इस्त्री, खळीचा वास – आणि एकदम सांता आनाची शाळा! नन्सच्या त्या लांब खोलीत आम्ही मुली वेदीची कापडं ताठ करायचो. मदर आदेलाइदा मागून यायच्या, पावलांचा आवाज नाही, फक्त जपमाळेचा. सुट्टीत घरी आले की थोरली बहीण एर्मिनिया माझे हात बघायची, चटके बसलेत का म्हणून. फुंकर घालायची. उद्या नाही, परवा तिच्याकडे.

१५ ऑक्टोबर, ला कुम्ब्रे

माझं गाव. यंदा संताचा मुक्काम एर्मिनियाच्याच घरी! पलंगावरूनच तिने संताचे पाय धरले. पडल्यापासून तिचं कंबरेखालचं अंग उठत नाही, पण जीभ आहे तशीच आहे.

"ओती, तू वाळलीस. त्याला सजवतेस आणि स्वतः अशी भिजलेली कोंबडी!"

शेजारीण त्रान्सितो तिचं सगळं करते – न्हाऊ घालणं, खायला घालणं, भांडणं. गावातर्फे संताचं यजमानपद यंदा कासिमिरोभाऊंकडे आहे. ते गावचे सुतार. आल्या आल्या घराच्या दाराला रंधा मारत बसले, कारण दार लागत नव्हतं.

"पावसाने लाकूड फुगतं," ते म्हणाले.

"लाकूड नाही, कासिमिरो, तुझं पोट फुगलंय. म्हणून दारातून जात नाहीस," त्रान्सितो म्हणाली.

किती दिवसांनी हसले मी!

१६ ऑक्टोबर

दार पुन्हा अडकलं.

१७ ऑक्टोबर

आज कॉफी वाळवायच्या अंगणात गेले. सिमेंटला तडा गेलाय. या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि पुढे गवतात. मी हात घातला. मनगटापर्यंत गेला. आतून गार हवा येत होती.

कासिमिरोभाऊंना दाखवलं. त्यांनी आधीच पाहिला होता! सगळ्यांनीच पाहिला होता. वरून पेंढा टाकून ठेवला होता, जखमेवर चिंधी बांधावी तसा.

"खाली वादो ओंदोला जा सगळे," मी म्हटलं. "सपाटीवर आहे गाव. चर्चच्या भिंती केवढ्या जाड. सणापर्यंत तिथेच राहा."

ते बराच वेळ टोपी फिरवत राहिले. "घरात पाहुणा आहे, ओतिलियाबाई. तो गावात असताना कुणी दुसरीकडे पाठ टेकायची नाही. तुम्हाला मी सांगायला हवं?"

"मग त्याला घेऊन जा."

"पाहुण्याला आपणच बाहेर काढायचं? खालच्यांनी न्यायला यायला हवं. आणि ते कसे येणार? नदी बघा जरा!"

अंगणाच्या कडेवरून नदी दिसते. तपकिरी, रुंद, झाडं वाहून नेणारी. वादो ओंदो पलीकडच्या काठावर, चर्चचा पांढरा मनोरा पावसात धूसर. एवढा जवळ! हाक मारली तर ऐकू जाईल असं वाटतं.

१९ ऑक्टोबर

एर्मिनियाचे केस विंचरले. पांढरे, मऊ, मुलीचे असावेत तसे. ती माझ्या वेण्या घालायची तेव्हा इतक्या घट्ट ओढायची की भुवया वर चढायच्या. हे तिला सांगितलं.

"म्हणून तर शाळेत तुझा चेहरा कायम चकित," ती म्हणाली.

मग मी विषय काढला. तडा, दार, वाकड्या ओळी. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मला माहीत आहे. दिवसभर भिंतीकडेच तर बघत असते मी. पोपडे कुठून सुटतात ते तुझ्याआधी मला कळतं."

"मग?"

"मग काय? पाहुणा जाईल तेव्हा बघू."

तेच! सगळ्यांच्या तोंडी तेच. मी त्याच्याकडे पाहिलं – कोनाड्यात, मेणबत्त्यांच्या मधोमध, मासा घेऊन. आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचा राग आला. देवा, क्षमा कर.

२० ऑक्टोबर

भिंतीतून आवाज. जड पोतं ओढत न्यावं तसा. एर्मिनियाने आणि मी एकमेकींकडे पाहिलं आणि मी पुन्हा भाजी चिरायला लागले.

२१ ऑक्टोबर

मी हे केलं. कुठेतरी लिहायला हवं म्हणून इथे लिहिते.

आईच्या गोष्टी – संत मनात आलं की पेटीतून उतरतो, पहाटे चालून येतो, आणि सकाळी त्याच्या झग्याच्या काठाला चिखल असतो. अमक्या वर्षी पटकी आली तेव्हा तो असाच उठून गेला होता, तमक्या वर्षी टोळ आले तेव्हा. इथे हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्याला स्पर्श करणारी मी एकटीच.

उजाडताना अंगणात गेले. चिमूटभर माती भिजवली. त्याच्या झग्याच्या काठाला लावली, सँडलच्या तळांना लावली. मदर आदेलाइदांनी शिकवलेल्या हातांनी, नीट, आतल्या शिवणीपर्यंत.

मग कासिमिरोभाऊंना बोलावलं आणि झगा दाखवला. खोटं बोलायची गरजच पडली नाही!

ते खाली बसले. रडले. "त्याला निघायचंय," म्हणाले. "आपण अडवून ठेवलंय त्याला!" बाहेर जाऊन घंटा वाजवली. अर्ध्या तासात सगळं गाव अंगणात. म्हातारे, तान्ही बाळं, कढईसकट बायका. खालचे आले नाहीत तर आपण नेऊ, तो चालतोय तर आपणही चालू, नदीचं तोच बघेल. त्रान्सितोने झग्याच्या काठाचं चुंबन घेतलं. ओठांना माती लागली. तिने पुसली नाही.

एर्मिनियाने मला जवळ बोलावलं. काठ नाकाशी नेला. वास घेतला.

"ही माझ्या अंगणातली माती आहे, ओती."

मी काठ तिच्या हातातून घेऊन सरळ केला.

"बरं केलंस," ती म्हणाली. "कुणीतरी करायलाच हवं होतं. पण मला नको नेऊस. मला उतरताना मरायचं नाही, खुर्चीत बांधलेल्या डुकरासारखं. इथे माझा पलंग आहे."

२२ ऑक्टोबर

गेले. पावसात, गात! इतक्या दिवसांनी गात. पुढे संत, मेणकापड घातलेला. कासिमिरोभाऊंनी एर्मिनियासाठी खुर्चीला बांबू बांधून आणले होते. तिने पलंगाचा खांब असा धरला की चौघांनाही सोडवेना.

"सोड, म्हातारे!"

"म्हातारा तू! माझ्या लग्नात तू नाचताना पडला होतास, मला आठवतं सगळं!"

शेवटी त्यांनी हात जोडले. सणाच्या दुसऱ्या दिवशी माणसं घेऊन येतो म्हणाले, मग हट्ट चालणार नाही. माझ्याकडे वळून, "बाई, तुम्ही तरी चला. त्याची वस्त्रं कोण बदलणार?" मी पांढरा झगा त्रान्सितोच्या हाती दिला. पहिल्यांदा. कसा चढवायचा ते दाखवलं – आधी डावा हात, मासा सांभाळून.

घराघरांची दारं उघडी टाकून गेलेत. लागतच नाहीत ती, लावणार काय.

आता गावात आम्ही दोघी. पडेल ते पडो. बाकी सगळे वाचले, एवढं पुरे. हे लिहिताना हात हलका वाटतोय.

२३ ऑक्टोबर

त्रान्सितो आली! गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर टोपली, केळीच्या पानातले तामाल अजून गरम.

"उपाशी मराल म्हणून आले," म्हणाली. "डोंगर पडायच्या आधी."

किती बोलत होती! वादो ओंदोने चर्चमध्ये सगळ्यांना चटया घातल्या. भिंती इतक्या जाड की पाऊस ऐकूच येत नाही. मुलं वेदीच्या पायरीवर झोपतात. आणि मोठी गोष्ट – नदी! ते काठावर पोचले तर नदी उतरलेली! तिथल्या म्हाताऱ्यांनी जन्मात इतकं कमी पाणी पाहिलं नाही, तेही या पावसात. दगड उघडे, डबक्यांत मासे तडफडत होते. संत कोरड्या पायांनी पलीकडे गेला. लोक गुडघ्यांवर पडले. चमत्कार! त्याच्या हातातल्या माशाने नदी पिऊन टाकली, असं पोरं म्हणतात.

एर्मिनिया हसली नाही. "पाणी कुठे गेलं मग?" तिने विचारलं.

"तुला काय करायचंय? संताला विचार!"

मी त्रान्सितोला म्हटलं, आज राहा. खूप म्हटलं. का म्हटलं ते मलाच सांगता येईना. एर्मिनियाचा तो प्रश्न कानातून जाईना. त्रान्सितो म्हणाली, "वेड्या का, बाई! पांढरा झगा मी चढवायचाय, तुम्हीच तर शिकवलंत. संध्याकाळची प्रार्थना आहे. उद्या सण!"

अंगणाच्या कडेवरून तिला उतरताना पाहिलं. रिकामी टोपली डोक्यावर उलटी, पावसासाठी. वळणावर थांबून तिने हात हलवला. खाली नदीच्या जागी दगडांचा करडा पट्टा. दुपारभर मी वरच्या घळीकडे बघत होते. ढगांत काही दिसत नाही.

२४ ऑक्टोबर, सान राफाएल

ऊन पडलंय. वरच्या घळीत डोंगर कोसळून पाणी तुंबलेलं होतं. पहाटे ते सुटलं. खाली मनोरा नाही, चर्च नाही, वादो ओंदो नाही. रुंद, चकाकणारा चिखल आहे, आणि त्यात कुणीही हलत नाही. ला कुम्ब्रेचं एक कौलही सरकलेलं नाही. एर्मिनियाने आवाज ऐकला होता. म्हणाली, "ओती, ऊठ. सगळ्यांच्या खुराड्यातल्या कोंबड्या सोडायला हव्यात."