वर्षाच्या आत

मी, प्रयागबाई आप्पासाहेब पवळे, वय वर्षे ६७, धंदा पिठाची गिरणी, राहणार मौजे वाकी, तालुका कंधार, जिल्हा नांदेड, हे मृत्युपत्र पुऱ्या शुद्धीत, कुणाच्याही दबावाखाली न येता लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. काळीज नाही. परवा नांदेडला त्याचंच ऑपरेशन आहे आणि मला लई भ्या वाटून राहिलं. लिहून घेणाऱ्या पंचशीला मॅडम म्हणाल्या, "मावशी, असलं मृत्युपत्रात लिहीत नसतात." मी म्हटलं, लिहा, खरं हाय ते.

१. मरणाची भीती आहेच. पण त्याहून जास्त भीती मरणानंतरच्या वर्षाची. घरातलं मोठं माणूस गेलं की आमच्याकडे लग्न वर्षाच्या आत उरकतात, नाहीतर तीन वर्षं थांबतात. माझी नात सुकन्या बारावीला आहे. जानेवारीत तिला अठरा पूर्ण होतात, फेब्रुवारीत परीक्षा. मागच्या गुरुवारी दवाखान्यात मी डोळे मिटून पडले होते. माझी नणंद कमलबाई माझ्या मुलाला, दयानंदला म्हणाली, "वयनीचं काई बरंवाईट झालं तर वर्षाच्या आत पोरगी उजवून टाक. औशाचं स्थळ तीन वर्षं थांबतंय व्हय?" दयानंद म्हणाला, "हाव, बघू." त्या 'बघू'नं माझी झोप गेली आहे.

२. गिरणी, मोटार आणि खालची जागा मला माझ्या वडिलांनी दिलेली. ती सर्व सुकन्याच्या नावे. तिचं शिक्षण होईपर्यंत गिरणी माझ्या मुलीनं, आरतीनं चालवावी आणि दळणाच्या पैशातून सुकन्याची फी भरावी. पट्टा सैल झाला की मोटार ओरडते, आरतीला ते ठाऊक आहे.

३. आरतीचं इथं सांगितलंच पाहिजे. १९९८ साली माझी सासू वारली तेव्हा आरती नववीत होती. वर्षाच्या आत तिचं लग्न लावलं. कमलबाईनं स्थळ आणलं खरं, पण हळद मी माझ्या हातानं लावली. पोर म्हणत होती, "आई, दहावी तर होऊ दे." मी म्हटलं, गप बस, लोक काय म्हणतील. तिचं दप्तर बरीच वर्षं खुंटीला होतं. एकदा माहेरी आली आणि काढून घेऊन गेली. आरती, माझं चुकलं. तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही.

४. राहतं घर दयानंदला. मात्र माझ्या मृत्यूनंतर वर्षाच्या आत सुकन्याची नुसती सुपारी जरी फुटली, तरी घर गावच्या शाळेला जाईल. आमची शाळा सातवीपर्यंतच आहे, त्यांनी तिथं आठवीचा वर्ग भरवावा. दयानंद, तू वाईट नाहीस. पण चार माणसं बसली की तुझ्या तोंडातून 'नाही' निघत नाही.

५. नातू सत्यम यास माझं घड्याळ. त्याला शिकवणीसाठी दोन वर्षं लातूरला ठेवलं, खोली घेतली, मेस लावली. डॉक्टर झाला नाही, त्याबद्दल राग नाही. पण सुकन्यानं शिकवणी मागितली तेव्हा हाच बाप, दयानंद, म्हणाला, "एसटीचा पास फुकट हाय की." पोरगी पहाटे दोन किलोमीटर चालून फाट्यावर जाते. उशीर झाला तर ड्रायव्हर मल्लेशभाऊ गाडी थांबवून धरतात. परका माणूस थांबतो, आणि घरच्यांना घाई!

६. माझं हिरवं लुगडं कमलबाईला. फक्त सुकन्याच्या लग्नात नेसायचं. तोवर पेटीची किल्ली आरतीकडे राहील.

७. ते पहिलं वर्ष टळलं की रिवाजानंच घरात तीन वर्षांपर्यंत लग्न बंद. ती तीन वर्षं मी सुकन्याला देते. सत्यमलाही थांबावं लागेल, बहिणीसाठी तेवढं सोसावं. पोरीला नर्स व्हायचं आहे. तो कोर्स तीन वर्षांचा, पण सुरू होणार पुढच्या पावसाळ्यानंतर. म्हणजे मी परवाच गेले तर शेवटचे दहा महिने कमी पडतात. मॅडमकडून दोनदा मोजून घेतलं, दहाच येतात. त्या दहा महिन्यांत कमलबाई गप बसायची नाही.

म्हणून ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरसाहेबांना हात जोडून सांगणं आहे. फार मागत नाही. मला एवढे दहा महिने काढू द्या.

ठिकाण: वाकी. दिनांक: २४ नोव्हेंबर २०२५.

सही: प्रयागबाई आप्पासाहेब पवळे

साक्षीदार:
१. पंचशीला वाघमारे, शिक्षिका. (मावशींना अंगठा घेऊ का विचारलं. नको म्हणाल्या, सहीच केली.)
२. मल्लेश बिरादार, एसटी चालक.